एका ओळीचं पत्र

आर्लिस ट्वेटची खोली विद्यापीठाच्या सगळ्यांत जुन्या इमारतीच्या तळघरात आहे. खोलीला खिडकी आहे, पण ती एका विटांच्या खड्ड्यात उघडते. मान वर केली तर हातभर आकाश दिसतं, आणि नोव्हेंबरपासून तेही बर्फाने बुजतं. दार पूर्ण उघडत नाही, कारण दारामागे फायलींचं लोखंडी कपाट आहे. माणसाला तिरकं होऊन आत जावं लागतं. मी एकदाच गेलो होतो.

"कपाट हलव की," मी म्हणालो.

"हलवते. मग खुर्ची तुझ्या डोक्यावर ठेवू का?"

तेवीस वर्षं ते कपाट तिथेच आहे, आणि तीही.

तिचं काम असं. विद्यापीठात दरवर्षी नवे प्राध्यापक येतात, तिशीच्या आतबाहेरची पोरं. त्यांना संशोधनासाठी अनुदान लागतं. ते वॉशिंग्टनहून येतं, आणि देशभरातून मागणाऱ्या हजारोंपैकी थोड्यांनाच मिळतं. त्यासाठी पंधरा पानांचा प्रस्ताव लिहायचा आणि सोबत दहा-बारा कागद जोडायचे. डोक्यात जे असतं ते या पोरांना कागदावर आणता येत नाही. आर्लिस ते आणवते. ती त्यांचं एकेक वाक्य त्यांच्यासमोर मोठ्याने वाचते आणि विचारते, "बरं, मग? आणि हे तूच का करायचं?" काहींच्या डोळ्यांत पाणी येतं. मग ती रुमालांचं खोकं पुढे सरकवते आणि पुढचं वाक्य वाचते. 'मी शोधीन, मी मोजीन, मी सिद्ध करीन', अशी वाक्यं ती दिवसभर घासत बसते, आणि त्यातला 'मी' कधीच तिचा नसतो. तिची स्वतःची पीएच.डी. आईच्या आजारपणात अर्ध्यावर राहिली. त्या प्रबंधाचं बाड कपाटाच्या सगळ्यांत खालच्या खणात आहे, आणि तो खण खुर्ची आड येते म्हणून उघडत नाही.

ज्यांना अनुदान मिळतं त्यांना दोन-तीन वर्षांत मोठी विद्यापीठं उचलून नेतात. जाताना ते तिला फुलं देतात. तळघरात ऊन नाही, फुलं चार दिवसांत मान टाकतात.

आम्ही दोघं गावच्या शाळेत एका वर्गात होतो. माझी शाळा बारावीला सुटली, पण वाचन सुटलं नाही. दुपारच्या जेवणानंतर ट्रॅक्टरच्या सावलीत बसून मी जे मिळेल ते वाचलं आहे. आर्लिसला हे ठाऊक होतं, म्हणून तिने एक रीत पाडली. प्रस्ताव पक्का व्हायच्या आधी ती त्या पोराला गाडीत घालते, चाळीस मैल उत्तरेला आणते आणि माझ्या स्वयंपाकघरात बसवते. "सेल्मरला कळलं तर वॉशिंग्टनलाही कळेल," असं ती म्हणते. लव्हॉन, माझी बायको, कॉफी ओतते, रूबार्बच्या आंबट देठांच्या वड्या पुढे ठेवते, आणि ते पोर मला समजावून सांगतं. पेशी, धातू, पूल, मधमाश्या, सगळं मी त्या टेबलापाशी ऐकलं. या कामाचा मला गर्व होता, तो मी लपवत नाही.

आमच्या या भागात एखादी गोष्ट वाईट आहे असं कुणी तोंडावर म्हणत नाही. आजे-पणजे नॉर्वेहून इथे अमेरिकेच्या उत्तरेला आले ते ही रीत सोबत घेऊनच. वडी हवी असली तरी दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा घ्यायची. शेजाऱ्याचं काही पटलं नाही तर हवेपाण्याकडे वळायचं, म्हणजे शेजारी समजून घेतो. बाहेरून आलेल्या पोरांना हे कळत नाही. मी गारपिटीचं बोलायला लागलो की ती खिडकीबाहेर बघतात, आणि परतीच्या वाटेवर गाडीत आर्लिस त्यांना सांगते, "चौथं पान फाड."

त्यांतलीच एक, इत्सेल बाराहास, पहिल्यांदा आली तेव्हा ती स्वयंपाकघरात आलीच नाही. गाडीतून उतरून थेट माझ्या उत्तरेच्या रानात गेली. तिथे चाळीस एकर जमीन पांढरी पडली आहे. खालचं पाणी वर चढतं, ऊन ते पिऊन टाकतं आणि क्षार मागे राहतो. माझ्या वडिलांच्या काळी तो पट्टा बैठकीच्या खोलीएवढा होता. इत्सेलने तिथली चिमूटभर माती जिभेवर ठेवली.

"आमच्याकडे न्यू मेक्सिकोत ही खारट लागते," ती म्हणाली. "तुमची कडू आहे."

माती चाखणारा प्राध्यापक मी त्याआधी पाहिला नव्हता. खोल मुळांची कोणती रानगवतं ते पाणी वर चढायच्या आधीच पिऊन टाकतील, हे तिला शोधायचं होतं. त्यासाठी तिला माझी पांढरी जमीन चार वर्षं हवी होती. आर्लिसने कागद पाठवला, त्यावर एक ओळ छापलेली आणि खाली सहीची जागा. मला तो कागद फार कोरडा वाटला. तो बाजूला ठेवून मी माझ्या हाताने चार पानी पत्र लिहिलं. ही मुलगी कशी आहे, हिचं डोकं कसं चालतं, हिच्यासारखी माणसं या मुलखाला का हवीत, सगळं. आठ दिवस लागले. आर्लिस न्यायला आली तेव्हा माझ्यासमोरच तिने ते वाचलं, घडी घातली आणि म्हणाली, "यंदा गारा लवकर पडणार असं म्हणतात." मी म्हणालो, पडतील. पत्र तिने पिशवीत टाकलं.

मी ओळखायला हवं होतं. पण स्वतःच्या पत्राबद्दल तसं कोण ओळखतो?

त्या हिवाळ्यात इत्सेलचा अर्ज परत आला. नाकारला नव्हता, वाचलाच नव्हता. जोडलेला एक कागद नियमात बसत नाही, एवढंच कळलं. अर्ज वर्षातून एकदाच, जुलैत, करता येतो, त्यामुळे वर्ष गेलं. आणि येत्या जुलैनंतरच्या वसंतात विद्यापीठ तिची नोकरी कायम करायची की तिला निरोप द्यायचा हे ठरवणार होतं. अनुदान हाती नसेल तर निरोप, हे कुणी लिहून दिलेलं नव्हतं, पण सगळ्यांना माहीत होतं. म्हणजे तो जुलै तिचा शेवटचा.

त्या जुलैतल्या एका बुधवारी सकाळी नऊला दोघी माझ्या दारात उभ्या राहिल्या. संध्याकाळी पाचला मुदत संपत होती. सगळे कागद तयार होते, फक्त माझा राहिला होता. तो मी तीन आठवडे अडवून धरला होता, कारण मी नवं पत्र लिहीत होतो. या वेळी सहा पानी.

आर्लिसने छापील कागद टेबलावर ठेवला. "इथे सही, सेल्मर."

"एकच ओळ?"

"एकच."

"मुलगी चार वर्षं माझ्या रानात खणणार, आणि मी एक ओळ लिहू? कुत्रं विकलं तेव्हासुद्धा मी दोन ओळी लिहिल्या होत्या."

"पानभर लिहिलं होतंस," लव्हॉन म्हणाली. "गिऱ्हाईक घाबरून गेलं. कुत्रं अजून दारात आहे."

मी सहा पानं आर्लिसपुढे सरकवली. तिने ती उचलली. तिचे डोळे पहिल्या ओळीवर होते आणि तिथून हलत नव्हते. लव्हॉनने कप भरला. आर्लिसने तो प्यायला, लव्हॉनने पुन्हा भरला. भिंतीवरचं घड्याळ दहाकडे सरकत होतं.

"पश्चिमेला ढग आलेत," आर्लिस म्हणाली.

"कुठे? आभाळ तर साफ आहे," इत्सेल म्हणाली. तिने माझं पत्र हातात घेतलं होतं आणि ती तिसऱ्या पानावर पोचली होती. तिचा आवाज ओला झाला. "आर्लिस, माझ्याबद्दल असं आजवर कुणी लिहिलेलं नाही. दोन्ही जोडू या की. ती ओळही आणि हेही. गेल्या वर्षी पत्र जोडलं होतंच ना?"

आर्लिसने कप खाली ठेवला. कप बशीत नीट बसला नाही, तो तिने फिरवून बसवला.

"जोडलं होतं," ती म्हणाली. "म्हणूनच परत आला."



"नियम आहे," ती टेबलाकडे बघत म्हणाली. "जमीन देणाऱ्याने फक्त एवढंच म्हणायचं, की देईन. स्तुती नाही, शिफारस नाही. स्तुतीचा एक शब्द सापडला तरी ते अख्खा अर्ज न वाचता परत पाठवतात. सगळ्यांना एकाच मापाने मोजायचं म्हणून. नाहीतर ज्याचे शेजारी गोड लिहिणारे, तो पुढे जाईल."

इत्सेलने पत्र खाली ठेवलं. "तुम्ही म्हणालात एक कागद चुकला. मला वाटलं, माझाच. मापनाच्या नोंदींचा. वर्षभर मी तो कागद उलटासुलटा करत होते."

"माहीत आहे."

"मी तुमच्या खोलीत येऊन तुमची माफी मागितली होती."

"हो."

"आणि तुम्ही म्हणालात, होतं असं कधी कधी."

"हो."

"तुम्हाला नियम माहीत नव्हता?"

"तो नियम मीच सगळ्यांना शिकवते. कपाटावर चिकटवलेला आहे." आर्लिसचा आवाज कोरड्या मातीसारखा सुटा सुटा येत होता. "त्याने आठ दिवस बसून लिहिलं होतं. माझ्यासमोर उभा होता. मला नको म्हणता आलं नाही. वाटलं, एवढंसं आहे, चालून जाईल. अर्ज परत आला तेव्हा तुला सांगणार होते. पण आधी तू माफी मागायला आलीस. मग ते सांगायची वाटच राहिली नाही. रोज तू यायचीस, रोज मी तुझं एक वाक्य वाचायचे."

इत्सेल उठली आणि बाहेर गेली. जाळीचं दार तिच्यामागे दोनदा आपटलं. ती पांढऱ्या पट्ट्याच्या कडेला जाऊन उभी राहिली, पाठ घराकडे करून.

माझी मान रागाने तापली. इतकी वर्षं ही बाई परक्या पोरांना माझ्यापुढे आणून बसवते, माझा निवाडा मानते, आणि मलाच खरं सांगत नाही.

"मला सांगायचं होतंस," मी म्हणालो.

"सांगितलं होतं. गारांचं."

"सरळ सांगायचं होतंस."

"सरळ कोण बोलतं आपल्यात, सेल्मर? तू बोलतोस? पोरं जातात तेव्हा गाडीत मलाच तुझं भाषांतर करावं लागतं."

लव्हॉन सिंककडे तोंड करून उभी होती. तिने नळ बंद केला, पण वळली नाही.

मी पेन उचललं आणि ठेवलं. खोटं कशाला सांगू, त्या घडीला मला ती मुलगी दिसत नव्हती, माझी सहा पानं दिसत होती. मग मी ती छापील ओळ पुन्हा वाचली. अनुदान मिळाल्यास मी, अमुक, माझ्या मालकीची उत्तरेची चाळीस एकर जमीन चार वर्षं या कामासाठी वापरू देईन. तीत एकही गोड शब्द नव्हता. पण तीत जमीन होती. सहा पानांत मी सगळं लिहिलं होतं, फक्त जमीन देतो हे लिहायचं राहिलं होतं.

मी सही केली. कागद घेऊन रानात गेलो आणि इत्सेलच्या हातात दिला.

"वाच," म्हणालो. "यात काही जास्त झालं असेल तर सांग."

तिने वाचला. "नाही," म्हणाली. मग घराकडे वळत, "ते सहा पानी मात्र मी ठेवून घेणार आहे. घरी."

गाडी एकच होती. चाळीस मैल दोघी शेजारी शेजारी बसून गेल्या आणि इत्सेल सगळी वाट तिच्या खिडकीबाहेर बघत राहिली, असं आर्लिसने मला नंतर सांगितलं. काचा खाली करायची सोय होती, पण कुणी केल्या नाहीत. चार वाजून दहा मिनिटांनी तळघरातून अर्ज गेला. इत्सेल पिशवी घेऊन कपाटाजवळ तिरकी झाली आणि तिथेच अडकल्यासारखी थांबली.

"उद्या मी येणार नाही," ती म्हणाली.

"बरं."

"परवा येईन. दुसऱ्या एका अर्जाचं बघायचं आहे. याचं काय होईल कुणाला माहीत. पण एक आहे. वाईट असेल तर त्याच दिवशी सांगायचं."

"सांगेन," आर्लिस म्हणाली.

जानेवारीत अनुदान मिळाल्याचं कळलं, वसंतात नोकरी कायम झाली. इत्सेल आता तिसरा उन्हाळा माझ्या रानात खणते आहे. दक्षिणेच्या कडेला पांढरा रंग नऊ पावलं मागे सरला आहे. मोजणी तिची आहे, पावलं माझी. तिलाही एका मोठ्या विद्यापीठाचं बोलावणं आलं आहे, असं लव्हॉनच्या कानावर आलं. मी तिला विचारलेलं नाही.

परवा आर्लिस एका नव्या पोराला घेऊन आली. उंच, भित्रा, पुलांच्या लोखंडाला पडणाऱ्या भेगांबद्दल बोलणारा. तिसऱ्या पानावर त्याचं बोलणं माझ्या हातून सुटलं. मी खिडकीकडे बघितलं आणि म्हणालो, "रात्री पाऊस येईल असं वाटतं."

पोर वळून आभाळ बघू लागलं.

"पावसाचं राहू दे," आर्लिस म्हणाली. पहिला कप अजून अर्धा भरलेला होता. "तुझं तिसरं पान त्याला पटलेलं नाही. मलाही नाही. ते काढ."

लव्हॉनच्या हातातली वड्यांची ताटली मध्येच थांबली. चर्चमध्ये आताशा बायका म्हणतात, आर्लिस फार तोडून बोलायला लागली आहे. पोर लाल झालं, मग वही काढून लिहायला लागलं. मी कॉफी प्यालो. मला राग आला होता, आणि मला बरंही वाटत होतं.

"अजून एक वडी घे," लव्हॉन तिला म्हणाली.

"दे," आर्लिस म्हणाली, पहिल्याच खेपेला. मग तिने घड्याळ बघितलं, वडी कागदात गुंडाळली आणि उठली. आठवड्यावर मुदत होती, पोराची बारा पानं राहिली होती. आणि तळघरातल्या खोलीची किल्ली तिच्याकडेच होती, दुसऱ्या कुणाकडे नव्हती.