म्हंजीकाकी

कंपनीतल्या आमच्या लाइनवर 'ॲडजस्ट' हा शब्द काढायची सोय नव्हती. कुणी चुकून काढलाच, तर चष्म्याच्या वरून काकींचे दोन डोळे रोखले जायचे आणि प्रश्न यायचा, "म्हंजी काय?" समोरचा कितीही मोठा साहेब असो, तो हमखास अडखळायचा. कारण आपल्याला नक्की काय म्हणायचं आहे, हे त्यालाही ठाऊक नसायचं. त्यावरूनच आम्ही मुली त्यांना पाठीमागे म्हंजीकाकी म्हणायचो. त्यांना ते माहीत होतं, आणि माझ्या अंदाजाने आवडतही होतं.

चाकणच्या आमच्या कंपनीत गाड्यांच्या वायरिंगचं काम चालायचं. लाकडी बोर्डावर वायरी अंथरायच्या, टोकं कनेक्टरमध्ये खोचायची, 'टक्' आवाज आला की हलकं ओढून बघायचं. काकी आमच्या लाइनच्या लीडर. आयटी पार्कला लागून असलेल्या माण गावच्या. घराच्या चारी बाजूंनी काचेच्या इमारती उठल्या, इंग्रजी बोलणारी पोरं भाड्याने राहायला आली, पण काकींचं 'व्हय' आणि 'न्हाई' तसूभरही हललं नाही.

मी पिंपळे गुरवला कंपनीच्या बसमध्ये चढायचे तेव्हा काकी खिडकीशी बसलेल्या असायच्या. एकदा एक नवीन मुलगी म्हणाली, "काकी, जरा ॲडजस्ट करा ना."

"म्हंजी काय? सरकू का उठू?"

"सरका."

"मग सरका म्हन की! नीट सांगितलं की जागा हुतीया." आणि तिला बसायला खरंच जागा झाली. खिडकी मात्र काकींनी जन्मात कुणाला दिली नाही. त्या बाबतीत सगळी तत्त्वं गुंडाळून ठेवलेली होती.

सुपरवायझर बिचारा तरुण होता. सकाळी येऊन म्हणायचा, "काकी, आज दोघी गैरहजर आहेत. जरा ॲडजस्ट करून घ्या."

"म्हंजी काय? दुसरी मान्सं देताय, का माल कमी घेताय, का आमचा चहा बंद करताय? काय ते नावानं सांगा."

तो डोकं खाजवत म्हणायचा, "चहा उशिरा घ्या."

"आत्ता कसं! उशिरा घिऊ. पर घिऊ." मग काकी इतक्या खुशीत कामाला लागायच्या की त्यालाच चुकल्यासारखं व्हायचं.

एकदा डबा खाताना त्यांनी आम्हाला समजावून सांगितलं होतं. "सरकनं येगळं, भागवनं येगळं, सांभाळून घेनं येगळं. आन् सोसनं त्याहून येगळं. समद्या भाज्या एका डब्यात कोंबल्या, की कंची नासली ते कळंना हुतंय." आम्ही हसलो. काकीही हसल्या आणि माझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी न विचारता उचलून मोकळ्या झाल्या.

नव्या मुलीला त्या काम शिकवायच्या तेव्हा तिचं 'समजलं, काकी' कधीच खरं मानायच्या नाहीत. "सांगू नगं. करून दाखव." सगळ्या लाइनसमोर करून दाखवल्याशिवाय ती जागा मिळायची नाही. हा आमच्याकडचा रिवाजच होता.

अशात माझं लग्न निघालं. मुलगा चाकणलाच दुसऱ्या कंपनीत, शांत, मला आवडलेला. अडचण एकच. पहिल्या भेटीत त्याची आई सहज म्हणाली, "नोकरीचं काय, करील की ॲडजस्ट." बाबांनी लगेच मान डोलावली. मी पोह्यांची बशी खाली ठेवली. मला नोकरी सोडायची नव्हती. घराबाहेर माझं स्वतःचं म्हणावं असं जगात तेवढंच होतं. पण हे बाबांना सांगायची हिंमत होईना, म्हणून बसमध्ये काकींना सांगितलं.

"बैठक कधी हाय?"

"रविवारी."

"येते."

कुणी बोलावलेलं नसताना काकी रविवारी इस्त्रीची साडी नेसून आमच्या घरी हजर. बोलणी रंगात आली, हॉल कुठला, मानपान कसा, सगळं ठरलं. शेवटी होणाऱ्या सासूबाई म्हणाल्या, "नोकरीला आमची ना नाही. थोडं ॲडजस्ट करावं लागेल, एवढंच."

बाबा 'बरं बरं' म्हणणार, तेवढ्यात आवाज आला, "म्हंजी काय?"

मला वाटलं, आता लग्नच मोडतं की काय! सासूबाई मनाने वाईट मुळीच नव्हत्या. त्या चाचरत म्हणाल्या, "म्हणजे… ही दुसऱ्या शिफ्टला गेली, की संध्याकाळच्या भाकऱ्या कोण करणार? माझे गुडघे धरतात हो."

"ह्ये खरं बोललात, ताई. गुडघं धरत्यात, तर तुमी सोसायचं न्हाई. पोरीनंबी काम सोडायचं न्हाई. मग सरकायचं कुनी?"

इतका वेळ बशीत नजर घालून बसलेला मुलगा पुटपुटला, "मी करीन. मित्रांबरोबर रूमवर राहायचो, तेव्हा भाकऱ्या मीच करायचो."

"सांगू नगं," काकी म्हणाल्या. "करून दाखव."

मुलाचे मामा उसळले, "अहो राव, ही बैठक आहे का भाकरीची परीक्षा?"

"दोन्ही," काकी म्हणाल्या.

आणि खरंच, कपाळाला कुंकू लावलेला नवरदेव बाह्या सरसावून आमच्या ओट्याशी उभा राहिला. दारात माणसांची ही गर्दी! पहिली भाकरी तव्यावर टाकताना मोडली. दुसरी टम्म फुगली. काकींनी ती लाइनवरची वायरिंग तपासावी तशी उलटसुलट करून पाहिली, तुकडा मोडून खाल्ला. "कड जाड हाय. शिकंल."

सासूबाईंनीही एक घास घेतला आणि त्याच्या पाठीत धपाटा घातला. "मेल्या, तुला येतं हे मला कधी बोलला नाहीस!" मग हसत हसत सगळ्यांसमोर त्या म्हणाल्या, "हिची नोकरी चालू राहील. दुसऱ्या शिफ्टच्या आठवड्यात भाकऱ्या हा करील." मला इतका आनंद झाला, की मी स्वयंपाकघरातच रडले.

काकी यंदा वयानुसार निवृत्त झाल्या. कँटीनमध्ये केक कापला, सुपरवायझरने भाषण केलं, काकींनी उरलेले सामोसे पिशवीत भरले. परत जाताना बसमध्ये मी म्हणाले, "काकी, तुमच्यामुळे माझी नोकरी राहिली."

त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "मला नर्सबाईच्या ट्रेनिंगला बोलावनं आलं व्हतं. लई हौस व्हती. त्यात लगीन ठरलं. आमच्या वडलांनी पाव्हन्यांना सांगितलं, जुळवून घील पोरगी. गेलं ट्रेनिंग. जुळवून घील म्हंजी काय, ह्ये इचारायला कुनीच न्हवतं."

माझे डोळे भरलेले बघून त्यांनीच माझ्या मांडीवर थाप मारली.

"रडतीस काय? तुझ्या बैठकीत इचारलं की मी. उशिरा का हुईना, इचारलं."