बाबांचा ऊदबिलाव

आमच्या माहेरी कुणी थाप मारली तर तिला थाप म्हणत नाहीत, "बाबांचा ऊदबिलाव" म्हणतात. माझा धाकटा भाऊ संजू शाळेत असताना एकदा घरी येऊन म्हणाला, गणितात पैकीच्या पैकी मिळाले. आईने पोळी लाटता लाटता मान वर न करता विचारलं होतं, "अच्छा, ऊदबिलाव का?"

ऊदबिलाव म्हणजे पाणमांजर. नदीत बुड्या मारून मासे धरणारं, लांब अंगाचं, जाड शेपटीचं जनावर. जबलपूरच्या मराठी घरांत जनावरांची नावं बरीचशी हिंदीच चालतात, म्हणून ऊदबिलाव. नोकरीला लागल्यावर वर्षा-दोन वर्षांतच बाबांनी तो पाहिला. खमरियाच्या फॅक्टरीत सेकंड शिफ्टला सायकलने जाऊन राहिले होते, तेव्हा परियट नदीच्या रपट्यावर. रपटा म्हणजे पाण्याला टेकलेला बुटका पूल. त्यानंतर तो ना बाबांना दिसला, ना दुसऱ्या कुणाला. पण बाबांनी सांगणं सोडलं नाही आणि आम्ही हसणं सोडलं नाही.

फोटो काढायला काय झालं होतं, असं तुम्ही विचाराल. तर बाबा खमरियाच्या त्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत दरबान होते. फाटकावर उभं राहून आत जाणाऱ्याची झडती घ्यायची, कॅमेरा सापडला की काढून खणात ठेवायचा आणि हातात टोकन द्यायचं, हे त्यांचं काम. इस्टेटभर पिवळ्या पाट्या, "फोटो खींचना मना है". आमच्या क्वार्टरच्या अंगणात मोर येत, आंब्याच्या ढोलीत पिंगळा राहायचा, कोल्हे तर विचारूच नका. एकाचाही फोटो आमच्याकडे नाही. छत्तीस वर्षं लोकांचे कॅमेरे जमा करणाऱ्या माणसाने स्वतः कधी कॅमेरा घेतला नाही.

जानेवारीत संजूचा फोन आला. बाबांना काचबिंदू निघाला होता. समोरचं दिसतं, बाजूचं गेलं, आणि गेलं ते परत येत नाही असं डॉक्टर म्हणाले. मग बाबांनी फोन घेतला. म्हटलं, तब्येतीचं सांगतील. तर म्हणाले, "मनू, तुझा तो मोठ्या नळीचा कॅमेरा आहे ना अजून? घेऊन ये. यंदा तो ऊदबिलाव दाखवून टाकतो तुम्हाला. पुढच्या वर्षी मला काय दिसते, काय नाही."

मी पोळी तव्यावर ठेवून चार दिवसांची रजा टाकली. पोळी जळाली.

शुक्रवार: नागपूर ते जबलपूर

नागपूरहून साध्या बसने पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास, सहा तास धरा. भाडं पाचशेच्या आत. खवासानंतर पेंचच्या जंगलातून रस्ता खांबांवरून जातो, खालून जनावरांना वाट आहे. दोन्ही बाजूंना भिंती असल्याने वरून काही दिसत नाही, म्हणून खिडकीसाठी भांडू नका. मी भांडले आणि पश्चात्ताप झाला. वानरं पाहायची तर पुढे भिंती संपल्यावर बघा, रस्त्याच्या कडेला सासरच्या माणसांसारखी रांगेत बसलेली असतात.

संजूने रांझीला घरी नेलं. बाबा फाटकातच उभे होते. मी पाया पडायला वाकले, तर वरून आवाज आला, "कॅमेरा?" दिला. त्यांनी हातात तोलून पाहिला, आत नेऊन कपाटावर ठेवला आणि खिशातून सुपारीचं रिकामं पाकीट काढून माझ्या हातावर टेकवलं. "टोकन. सकाळी दाखवा, घेऊन जा." संजूची बायको हसून हसून खाली बसली. मला मात्र एक गोष्ट खटकली. कपाटाकडे जाताना बाबा दाराच्या चौकटीला खांदा घासून गेले, आणि त्यांना ते कळलंही नाही.

शनिवार: ग्वारीघाट आणि डुमना

लोक जबलपूरला येतात, धुआंधार धबधबा बघतात आणि वाघासाठी कान्हाकडे पळतात. माझं ऐका, दोन दिवस गावातच काढा. हिवाळ्यात सकाळी सातला ग्वारीघाटावर जा. नर्मदेवर पांढऱ्या कुरवांचे थवेच्या थवे असतात. इथे बाहेरून आलेल्या प्रत्येक पक्ष्याला सायबेरियन म्हणायची पद्धत आहे, वाद घालू नका. होडी ठरवून घ्या, ऊन पाठीवर येईल असं बसा, साधा मोबाइलही भागतो. लोक त्यांना शेव घालतात आणि पक्षी ती हवेतल्या हवेत झेलतात. बघायला गंमत वाटते, पण तुम्ही घालू नका.

"तळलेलं खाऊन राहिले सकाळपासून," बाबा म्हणाले. "परत कसे जाऊन राहिले हे एवढे दूर?"

नावाडी म्हणाला, "अंकलजी, ये तो मइया का परसाद समझ के खाते हैं।"

बाबांना थवा दिसत नव्हता, समोरचे चार-पाच पक्षी तेवढे दिसत होते. बाकीचं ते ऐकत होते. मध्येच म्हणाले, "मागे कवड्या खंड्या आहे बघ." मी वळले, खरंच होता, काळा-पांढरा, पाण्यावर एका जागी फडफडत. माझा या प्रवासातला सगळ्यात चांगला फोटो तोच आहे.

घाटावरून सदर बाजारात पोहे आणि खव्याची जिलबी. जिलबी काळी दिसते म्हणून नाक मुरडू नका, दोन घ्या. दुपारी डुमना, विमानतळाच्या रस्त्यावरचं जंगल. तिकीट किरकोळ, आत भाड्याने सायकल मिळते. आम्ही पायीच गेलो, कारण बाबांचा सायकलचा हट्ट मी मोडून काढला. त्यावरून अर्धा तास अबोला झाला. चितळं इतकी जवळ आली की मोठी नळी काढून ठेवावी लागली. मग वर कुठेतरी सर्पगरुड ओरडला आणि अबोला सुटला.

रविवार: परियट, पहिला दिवस

सुट्टी म्हणून संजूही आला. खमरियाच्या मागच्या अंगाने, इस्टेटीच्या बाहेरून, कच्च्या रस्त्याने रपट्यावर जाता येतं. स्कूटर आधीच ठेवा, पुढे म्हशींचा चिखल आहे. रपट्यावरून खाली पाण्यात उतरू नका. परियटमध्ये मगरी आहेत, आणि हा ऊदबिलाव नाही, दोन तर आम्हालाच दिसल्या, समोरच्या वाळूवर तोंड उघडून पडलेल्या.

आम्ही साडेसहा ते दहा बसलो. म्हशी घेऊन आलेल्या एका बाईने थांबून विचारलं, "का देख रये दादा?"

"ऊदबिलाव," बाबा म्हणाले.

"इतै तो मगर हैं। ऊदबिलाव तो हमने कभऊँ नईं देखे।"

संजूला तेवढंच हवं होतं. "बाबा, आधी फोन करून यायचं ना. रविवारी त्याची सुट्टी असल." मीही हसले. खोटं काहून सांगू, मला हसू आलंच.

बाबा नेहमी अशा वेळी आवाज चढवतात. त्या दिवशी उठून सरळ स्कूटरकडे चालू लागले. संध्याकाळी गच्चीवर मी वाळलेले कपडे काढत होते, तर मागे येऊन उभे राहिले. "मनू, मुंगूस तर नसल तो? मी तेव्हा सायकलवर होतो. घाईत होतो. आता मलाच वाटून राहिलं, मी पाहिलं का नाही पाहिलं."

इतकी वर्षं आम्ही हसलो आणि त्यांना काही झालं नाही, कारण त्यांना माहीत होतं. आता त्यांचंच त्यांना माहीत नव्हतं. मी म्हटलं, "उद्या माझी बस दुपारची आहे. सकाळी पुन्हा जाऊ. संजूला नाही नेत."

सोमवार: परियट, दुसरा दिवस

सकाळी टोकन दाखवून कॅमेरा घेतला. धुकं दाट, बोटं गार. थर्मास, दोन स्वेटर, बसायला पोतं. बाबा रपट्याच्या कठड्याला टेकून बसले आणि त्यांनी डोळे मिटले.

"झोपले का?"

"नाही. उघडे ठेवून काय फायदा, ऐकून राहिलो."

आठ वाजले, साडेआठ झाले. धुकं उठलं. पलीकडच्या काठावर इस्टेटीची भिंत दिसू लागली, मग तिच्यावरची पिवळी पाटी. मी घड्याळ बघत होते, आणि बाबांनी माझं कोपर धरलं. "ऐक."

मला काही ऐकू आलं नाही. मग आलं. लहान पोराने शिट्टी वाजवायला शिकावी तसा आवाज, तुटक तुटक.

"उजवीकडे," बाबा कुजबुजले. "दगडांपाशी. हलू नको."

पाण्यात दोन डोकी होती. सपाट, ओली, मिशीवाली. एक डोकं बुडालं, वर आलं ते तोंडात मासा घेऊन. ते जनावर दगडावर चढलं, अख्खं अंग बाहेर, जाड शेपटीसकट, आणि पुढच्या दोन पंजांत मासा धरून कचाकचा खाऊ लागलं. चणे खाताना येतो तसा आवाज इथपर्यंत आला. मी कॅमेरा उचलला, रोखला, बटण दाबलं आणि दाबूनच धरलं.

त्याच क्षणी समोर सगळं काळं झालं.

बाबांचा हात. कॅमेऱ्याच्या तोंडावर बाबांनी अख्खा पंजा ठेवला होता, घट्ट. मी तो ओढून काढेपर्यंत दगडावर कुणी नव्हतं. पाण्यावर दोन वर्तुळं तेवढी पसरत होती.

मी ओरडले. वडिलांवर कधी ओरडले नव्हते एवढी ओरडले. "काय केलं तुम्ही हे? चार दिवस कशासाठी मरून राहिलो आपण इथे?" एक टिटवी घाबरून उडाली.

बाबांचा पंजा अजून हवेतच होता. ते त्याच्याकडेच बघत होते. "पाटी दिसली," ते म्हणाले. "तू कॅमेरा पाटीकडे वळवला. हात आपोआप गेला बेटा. काहून गेला, मला नाही समजून राहिलं."

"आणि ऊदबिलाव? तो दिसला ना?"

"नाही. फक्त पाटी दिसली. पिवळी होती ना."

माझा राग कुठे गेला ते मला कळलं नाही. मी त्यांच्या शेजारी पोत्यावर बसले आणि म्हटलं, "मला दिसला, बाबा."

त्यांनी मान पूर्ण वळवून माझ्याकडे पाहिलं. मग झडती सुरू झाली, फाटकावर व्हायची तशीच.

"किती होते?"

"दोन."

"रंग?"

"तपकिरी. गळ्याशी पांढुरका."

"शेपूट?"

"जाड. बुडाशी जास्त, टोकाला निमुळती."

"कान?"

"इवलेसे. नसल्यासारखे."

"मुंगूस नाही?"

"मुंगूस बुडी मारून मासा आणत नाही, बाबा. दगडावर बसून हातात धरून खाल्ला त्याने."

त्यांनी मग थर्मासच्या झाकणात चहा ओतला आणि आधी मला दिला. "बरोबर आहे," म्हणाले. "असाच होता." त्यांचे डोळे भरून आले होते. माझेही.

घरी

संजूला सांगितलं तेव्हा तो जेवता जेवता थांबला. "ताई, आता तू पण?" आणि हसत सुटला. बाबा शांतपणे वरणभात कालवत म्हणाले, "हस. आता दोघांनी पाहिला आहे." त्या दिवशी त्यांनी दोनदा भात घेतला. बसवर सोडायला आले, कॅमेरा शेवटपर्यंत त्यांच्याच मांडीवर होता, आणि टोकन घेतल्याशिवाय त्यांनी तो दिला नाही.

तुम्ही जाणार असाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी जा. ग्वारीघाट आणि डुमना डोळे झाकून करा. परियटला जाल तर भिंतीकडे कॅमेरा रोखू नका. नियम नियम असतो, आणि बाबांचा हात चुकला नव्हता हे मी आता कबूल करते. बसून राहा आणि ऐका. दिसला तर दिसला.

नागपूरला येऊन त्या सकाळचे, बटण दाबून धरलेले चौदा फोटो उघडले. तेरा नुसतेच काळपट तपकिरी. चौदाव्यात तळहाताची धूसर कडा, बोटांच्या फटीतून पिवळी पट्टी, त्यावर "मना है" एवढं वाचता येतं. नवऱ्याला सगळी हकिकत सांगितली. तो म्हणाला, "अच्छा. ऊदबिलाव." सासरीही पोचला म्हणायचा.

तो चौदावा फोटो मी मोठा करून घेतला आणि फ्रेम करून बैठकीत लावला, खंड्याच्या फोटोशेजारी. येणारे-जाणारे खंड्याचं कौतुक करतात, मग दुसऱ्या फ्रेमपाशी थबकतात आणि विचारतात, हे काय आहे?

मी सांगते, ऊदबिलाव.