तिसऱ्या खोलीतला कापूस

माझ्या घरी उतरलेला पाहुणा नाराज होऊन गेला, असं सहसा होत नाही. तीस वर्षं मी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीचा वर्ग सांभाळला आहे. दोन दिवसांसाठी आलेली शहरातली तीन-चार माणसं सांभाळणं मला काही जड नाही. निवृत्तीनंतर राळेगाव तालुक्यातल्या आमच्या गावी रस्त्याला लागून असलेलं घर मी पाहुण्यांना भाड्याने द्यायला लागले आणि स्वतः अंगणापलीकडच्या जुन्या खोलीत राहायला गेले. वाघ बघायला जंगलात जाणारे लोक हिवाळाभर येतात, चुलीवरची भाकर खातात, फोटो काढतात आणि मोबाइलवर माझं कौतुक लिहितात. ते कौतुक मी दोनदा वाचते, लपवायचं कशाला?

जाहिरातीत मी लिहिलं होतं, ‘पूर्ण घर तुमचं.’ त्यात काही खोटं आहे असं मला वाटलंच नाही. मागची तिसरी खोली माझ्या लेखी खोलीच नव्हती. दिवाळीपासून तिच्यात शेजारच्या भाऊजींचा, म्हणजे माझ्या चुलत दिरांचा, कापूस भरलेला होता. त्यांच्या घराचं बांधकाम निघालं होतं आणि भाव वाढेपर्यंत कापूस कुठे तरी ठेवायला हवा होता. आमच्याकडे त्या दिवसांत कुणाची खोली रिकामी दिसली की तिच्यात कापूस येऊन पडतो, त्यात विचारण्यासारखं काही नसतं. भाऊजी रोज दुपारी मागच्या दाराने येत. ढिगात कोपरापर्यंत हात घालून कापूस आतून तापला नाही ना ते बघत आणि मग त्याच ढिगावर तासभर आडवे होत. घोरतही. पाहुण्यांनी विचारलं तर मी पाण्याची मोटर म्हणून सांगायचे.

आमच्या चादरी धुते ती बाई पलीकडच्या तांड्यावरची. माझ्याकडच्या आणि याच रस्त्यावरच्या आणखी दोन मुक्कामांच्या, म्हणजे पाहुणे उतरवणाऱ्या घरांच्या, चादरी तिच्याकडे असतात. मोठ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, उकळून, आपटून, कडक उन्हात वाळवून ती आणते. तिने घडी घातलेली चादर उलगडायलाही जिवावर येतं, इतकी ती नीट असते. माझ्या कौतुकातलं निम्मं कौतुक तिचं आहे, हे मला तेव्हाही माहीत होतं.

फेब्रुवारीत पुण्याचं एक जोडपं लहान मुलीला घेऊन आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीच्या पाठीवर लाल पुरळ उठलं होतं. आईचे हातही तसेच. मी एका नजरेत ओळखलं. कापूस घरात फार दिवस राहिला की त्यातले बारीक किडे अंगाला खाज आणतात. आमच्याकडे हे पोरासोरांना ठाऊक असतं. खोबरेल लावायचं, कडुलिंबाच्या पाण्याने आंघोळ करायची आणि कापूस जाईपर्यंत खाजवत बसायचं. पाहुण्यांच्या खोलीच्या आणि कापसाच्या मधल्या भिंतीला वर एक झरोका आहे. तो बुजवायचं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

पण मुलीची आई म्हणाली, चादरींमुळे झालंय. तिने चादरीचं टोक दोन बोटांत धरून उचललं आणि ही कधी धुतली होती, कुणी धुतली होती, असं विचारलं. धुणारी बाई अंगणातच दोरीवर कपडे टाकत होती. तिचे हात थांबले. तिने माझ्याकडे पाहिलं. खाज कशाची आहे हे तिलाही कळलं होतं, तिच्याही घरी कापूस होता.

आणि मी म्हणाले, “बघते.”

एवढंच म्हणाले. चौथीच्या वर्गात असं गप्प बसणाऱ्याला मी बाकावर उभं केलं असतं. पण कापसाचं नाव काढलं असतं तर भाऊजींचं निघालं असतं, आणि भाऊजींचं निघालं की ‘पूर्ण घर तुमचं’ उघडं पडलं असतं. बाईने सगळ्या चादरी काढल्या आणि कडुलिंबाचा पाला टाकून पुन्हा उकळल्या.

पाहुण्यांना जंगलात नेणाऱ्या जीपवाल्याने हे सगळं ऐकलं होतं. तो रोज तिन्ही मुक्कामांवर फिरतो. दुसऱ्या दिवशी दुपारी बाई माझ्या दारात आली ती रिकाम्या हातांनी. बाकीच्या दोघांनीही तिला चादरी द्यायला नकार दिला होता.

“मले येऊ नको म्हणून राह्यले, बाई,” ती म्हणाली. “खाज सुटते म्हणते माह्या धुण्यानं.”

माझ्या एकटीच्या चादरींवर तिचं घर चाललं नसतं. मला माझी इतकी लाज वाटली की तिला बस म्हणायचंही सुचलं नाही. मी खुंटीवरची किल्ली घेतली आणि तशीच घरात गेले. पाहुण्यांचं सामान बांधून झालं होतं, जीपवालाही आला होता. मी म्हटलं, चला, सगळे चला माझ्यासोबत. आणि तिसऱ्या खोलीचं दार उघडलं.

छताला टेकलेला कापूस, आणि मधल्या खळग्यात भाऊजी. तोंड उघडं, मिशीत कापूस. डोळे उघडल्यावर त्यांनी एवढी मंडळी पाहिली आणि घरधन्याच्या थाटात म्हणाले, “या नं, या. बसा.”

“हे कोण?” मुलीच्या वडिलांनी विचारलं.

“माझे दीर. रोज येतात. घोरणारी मोटर ती हीच.”

मग मी सगळं सांगितलं. खाज कापसाची आहे, चादरींचा काही दोष नाही, आणि हे मला कालपासून ठाऊक आहे. मुलीच्या आईची मी हात जोडून माफी मागितली. वडील ओरडले असते तर मी बरोबरीने उत्तर दिलं असतं. ते ओरडले नाहीत. भिंतीपलीकडे आमची मुलगी झोपत होती आणि तुम्ही एका परक्या माणसाला रोज आत येऊ देत होतात, एवढंच ते म्हणाले. भाऊजींचा चेहरा उतरला. या घराच्या पायव्याची माती त्यांनी उपसली होती. त्यांना कुणी परकं म्हणेल हे माझ्या मनातही आलं नव्हतं. पण घर मी मुलीच्या वडिलांना दिलं होतं आणि त्यांचं बरोबर होतं. तसं मी त्यांना सांगितलं.

जीपवाल्याला म्हटलं, काल ज्या आवाजात सांगितलंस त्याच आवाजात आता हेही सांगून ये. तो गेला. दोन दिवसांत बाईचं काम तिला परत मिळालं.

मी खुशीत होते. चार माणसांसमोर स्वतःची चूक कबूल करायला छाती लागते, असं मला वाटत होतं, आणि बाई काही तरी बरं बोलेल म्हणून मी तिच्याजवळ जाऊन उभी राहिले. ती घड्या घालत होती.

“कापूस भाऊजीचा होता, बाई,” ती म्हणाली. “गप्प तं तुम्हीच बसल्या.”

आता पाहुणे असताना त्या खोलीत कापूस नसतो आणि भाऊजी दुपारी माझ्या ओसरीवर झोपतात. बाईने मात्र घड्या घातलेल्या चादरी माझ्या हातात देणं बंद केलं आहे. नवे पाहुणे आले की ती स्वतः आत जाते, त्यांच्यासमोर एकेक चादर उलगडते, झटकते आणि अंथरते. तिचं होईपर्यंत मी दाराबाहेर उभी असते.