पूजेला मांडलेलं पुस्तक

अंध मुलींच्या शाळेत मला घातलं तेव्हा मी चांगली नऊ वर्षांची घोडी होते, आणि वर्गात शेजारी बसलेल्या मुली होत्या सहा-सहा वर्षांच्या. त्यांची बोटं कागदावरून सरसर पळायची, माझी पावलोपावली अडखळायची. लहानपणी देवी आल्या आणि जाताना डोळे घेऊन गेल्या. तेव्हापासूनची वर्षं मी अंधेरीच्या आमच्या चाळीत उंबऱ्यावर बसून काढली होती. कुणी काम सांगत नसे. आई तेवढी गुपचूप तांदूळ निवडायला द्यायची, म्हणून बोटांना खडा कळत होता. अक्षर कळत नव्हतं.

ठिपक्यांची मराठी तेव्हा नवीनच होती. आमच्या बाई स्वतः अंध होत्या आणि जुनी लिपी विसरून नवी शिकता शिकता आम्हाला शिकवत होत्या. पत्र्याच्या पाटीत जाड कागद अडकवायचा, पाटीच्या बारक्या खिडक्यांतून टोचणीने ठिपके टोचायचे, तेही उजवीकडून डावीकडे. मग कागद काढून उलटा करायचा की ठिपके वर येतात आणि डावीकडून उजवीकडे वाचता येतात. हे माझ्या डोक्यात काही केल्या शिरेना. मी डावीकडून सुरुवात करायची, आणि बाई माझ्या कागदावर बोट फिरवून विचारायच्या, "हे कुठल्या देशाचं गं?" सगळा वर्ग खिदळायचा आणि माझे कान तापायचे.

त्यात आमचं घर मालवणी. कानाला जे ऐकू येतं ते लिहायचं अशी माझी समजूत, म्हणून मी 'वाचायला'च्या जागी सरळ 'वाचूक' टोचून मोकळी व्हायचे. शुद्धलेखनाच्या तासाला माझा कागद मुलींच्या हातांतून फिरायचा. काय फिरतंय ते न दिसताही कळायचं, कारण हसू बाकांवरून एकेक करत पुढे सरकायचं. मला शुद्धलेखनापेक्षा घरच्या बोलण्याचीच जास्त लाज वाटू लागली. शाळेतच राहायची सोय होती. सुट्टीत घरी गेले की मी आईशी पुस्तकी मराठीत बोलायचे. ती बापडी त्यालाही खूश असायची.

आईला लिहिता-वाचता येत नव्हतं. कोकणातल्या तिच्या गावात मुलींना शाळेत धाडायची पद्धतच नव्हती. बाबा गिरणीत कारकून होते, त्यांना येत होतं. पण आमच्या घरात बाबांचं वाचणं-लिहिणं एकीकडे आणि मोठ्या काकांचा शब्द एकीकडे. काका सांताक्रूझला राहायचे, सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. कुणाचं लग्न कुठे करायचं, कोणत्या मुलाने काय शिकायचं, हे तेच ठरवत. त्यांनी मला शाळेत घालायला एक वर्षापुरती परवानगी दिली होती, तीही कुरकुरत. "आंधळ्या पोरीच्या मागे पुस्तकं कशाला लावता? पेटी शिकवा, भजनं म्हणेल. घरात एक अडाणी आहेच, आणखी एकीने काय बिघडणार?" असं ते आईच्या देखत म्हणाले होते. थट्टेत म्हणाले म्हणे. वर्ष संपत आलं होतं, आणि दसऱ्याला सोनं द्यायला येतील तेव्हा मी काय शिकले ते ते बघणार होते. जमलं तर शाळा, नाहीतर पेटी.

बाईंना हे कळलं तेव्हा त्यांनी वर्गाचं वाचनाचं पुस्तक मला सुट्टीपुरतं घरी नेऊ दिलं. ते छापलेलं नव्हतं. कुणी भल्या बाईने घरी बसून पानन् पान हाताने टोचलेलं, वर्गात एकच. पोळपाटाएवढं रुंद आणि उशीएवढं जाड. मी ते पोटाशी धरून घरी आणलं. एव्हाना माझी बोटं पळायला लागली होती. येताना वाटेत मनातल्या मनात काकांना किती वेळा वाचून दाखवलं असेल कोण जाणे.

खंडेनवमीला आमच्याकडे घरातली हत्यारं, अवजारं आणि पुस्तकं पूजेला मांडतात. विळी, कोयता, बाबांचं टाकाचं पेन, धाकट्या भावाची पाटी, सगळं पाटावर जायचं. पुस्तकं पूजेला बसली की दसऱ्याची पूजा उठेपर्यंत कुणी वाचायचं नाही. भावाला तो दिवस दिवाळीहून लाडका. आईने हातातून माझं पुस्तक मागून घेतलं तेव्हा तिचा आवाज भरून आला होता. "औंदा तुझा पण पुस्तक पूजेक," ती म्हणाली. मी दिलं. वाचायचं तर नव्हतंच, आणि मलाही त्या पाटावर जागा हवी होती.

दसऱ्याला संध्याकाळी काका आले. सोबत काकू आणि त्यांचे दोन मुलगे, आणि काका आले म्हणून डोकावलेले चाळीतले चार लोक. आपट्याची पानं दिली-घेतली गेली. बाबांनी पूजेतलं पुस्तक आणून माझ्या मांडीवर ठेवलं. काका म्हणाले, "हं, काढ पहिलं पान. वाच बघू."

मी पान उघडलं आणि बोट ठेवलं. कागद लोण्यासारखा गुळगुळीत होता. कुठेकुठे काहीतरी लागत होतं, पण ठिपका की सुरकुती ते कळेना. दुसरं पान उलटलं, तेही तसंच, वर चिकट. मी हात नाकाशी नेला, तर कुंकवाचा वास आला. मग एकदम सगळं लक्षात आलं. आईने ओल्या कुंकवाने पानावर स्वस्तिक काढलं होतं, कागद ओला झाला होता, आणि सगळ्यांत मोठं पुस्तक म्हणून ते तळाशी जाऊन त्याच्यावर घरातली बाकीची पुस्तकं, पाटी आणि विळीसुद्धा रचली गेली होती.

"अगं वाच की, घाबरतेस काय?" बाबा म्हणाले. त्यांच्या आवाजात विनवणी होती.

पुस्तक बिघडलंय, एवढंच म्हणायचं होतं. पण मग पुढचा प्रश्न आला असता, कुणी बिघडवलं? आणि त्या प्रश्नाला काकांकडे उत्तर तयार होतं. अडाणी. तो शब्द पुन्हा सगळ्यांसमोर आईच्या अंगावर पडला असता, तीही सणाच्या दिवशी. मला तो ऐकायचा नव्हता. तिच्यासाठी की माझ्यासाठी, ते तेव्हा कळलं नाही, आजही नीट सांगता येणार नाही.

"मला येत नाही," मी म्हणाले.

शेजारच्या काकूंनी जीभ टाळ्याला लावून 'च्च' केलं. त्या एका आवाजाने मला जितकं मेल्याहून मेल्यासारखं झालं तितकं काकांच्या बोलण्याने झालं नाही. काका तर चक्क मायेने बोलले. "असू दे, असू दे. पोरीचा उगाच छळ. दिवाळीनंतर नका पाठवू तिला." शाळेतून आणलेली माझी पाटी-टोचणी कोनाड्यातच होती. लिहून दाखवते असं म्हणता आलं असतं, पण लाजेपुढे मला ती आठवलीच नाही. बाबा उठून गॅलरीत गेले ते काका निघेपर्यंत आत आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. बाबा बाजारात गेले होते. मी पुस्तक घेऊन कोपऱ्यात बसले आणि मागची पानं चाचपली. तिथपर्यंत ओल पोचली नव्हती. ठिपके शाबूत होते. मी वाचायला लागले, आधी हळू आणि मग आवाज करून, रागारागाने.

"काल तर येना नाय म्हणालस," आई मागे येऊन उभी होती.

"इथलं येतं. तिथलं येत नाही."

ती खाली बसली. तिने माझं बोट धरून बाजूला केलं आणि स्वतःचं बोट त्या पानावरून फिरवलं. विळीने चिरा पडलेलं तिचं बोट कागदावर खरखरलं. मग तिने पहिलं पान उघडलं आणि त्याच्यावरून फिरवलं.

"ही उठलेली ती अक्षरा?"

"हो."

"माका वाटला कागद वायट हा. फोड इलेत. मीच तळव्यान दाबून सारखो केलंय." तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "तू बोललस कित्याक नाय?"

तिने तोंड धुतलं, लुगडं बदललं, कोनाड्यातली माझी पाटी-टोचणी आणि कागद पिशवीत घातले आणि माझा हात धरला. बाबांसाठी निरोपही ठेवला नाही. काकांकडे ती आजवर एकटी कधी गेली नव्हती. त्यांच्याशी समोरासमोर बोललीही नव्हती. मोठ्या दिरापुढे बोलायचं तर दाराआडून, तेही काकूंच्या मार्फत, अशीच तेव्हा रीत होती.

सांताक्रूझला काकांच्या घरात पत्त्यांचा डाव रंगला होता. वरून विमान जात होतं म्हणून सगळे ओरडून बोलत होते. विमान गेल्यावर आई बोलली. दाराआडून नाही. माझा हात धरून ती खोलीच्या मध्ये उभी होती.

"भावोजीनु, माझी चूक झाली. चेडवाचा पुस्तक मी खराब केलंय. मी अडाणी. माका वाचूक येना नाय, माका कायव समाजला नाय. पण चेडवाक सगळा येता. तुम्ही बघा."

ज्या शब्दापासून तिला वाचवायला मी आदल्या दिवशी सगळ्यांसमोर ठोंब ठरले होते, तो तिने स्वतःच्या तोंडाने म्हटला. आणि म्हटला तोही मालवणीत, परक्या माणसांपुढे. मला जमीन दुभंगून आत जावंसं वाटलं. तिच्याबद्दल वाटणाऱ्या लाजेचीच मला लाज वाटत होती, आणि तिचा हात सोडायचीही माझी हिंमत नव्हती.

काका हुशार होते. त्यांनी मला वेगवेगळ्या कागदांवर वेगवेगळी वाक्यं लिहायला लावली. आपला अर्ज मिळाला. साहेब रजेवर आहेत. गाडी उशिरा आली. मग त्यांनी प्रत्येकावर पेनाने ओळखीची खूण करून कागद पिसले, पत्त्यांसारखेच, आणि त्यातला एक माझ्या हातात दिला. तो उलटा होता. मी बोट फिरवलं, फिरवून सुलटा केला आणि वाचला. दुसरा दिला, तोही वाचला. पत्ते खेळणाऱ्यांतला कुणीतरी "झकास!" म्हणाला. काकांनी आणखी एक दिला आणि मग दिलेच नाहीत.

"जाऊ दे हिला शाळेत," ते म्हणाले. "पोरगी तल्लख आहे. बरं झालं बाई, डोक्याने आईवर नाही गेली."

सगळे हसले. आईही हसली. मला तिचं हसणं वेगळं ओळखू आलं, कारण ते माझ्या डोक्याच्या वरूनच येत होतं. मला शाळा मिळाली होती. काकूंनी हातात दिलेला पेला मी तसाच धरून बसले.

परतताना बससाठी आम्ही बराच वेळ उभ्या होतो. आईने पिशवीतून माझी पाटी काढली असावी, कारण पत्र्यावर तिच्या बांगड्या वाजल्या. मग टोचणीचा एक टोच ऐकू आला, नुसताच, कागद नसलेल्या पाटीवर.

"गो," ती म्हणाली, "थंय शाळेत डोळे असलेल्या बायकांका घेतत काय?"

"नाही. आंधळ्यांनाच घेतात."

"मग ऱ्हवांदे," आई म्हणाली आणि पाटी पिशवीत ठेवली.