आधी सडा, मग पत्रा

हातोडा भिंतीच्या आरपार गेला आणि गराजभर पांढरी धूळ उठली. मुलगा खोकायला लागला. नात माझ्याशेजारी उभी होती, तिचे केस पांढरे झाले. मी झाडू उचलला.

"आई, झाडू नका! बाहेर या, सगळे बाहेर!" सून अंगणातून ओरडली. इतकी वर्षं झाली, माझ्यावर तिनं कधी आवाज चढवला नव्हता.

"अगं, भिंतीला साधा सिमेंटचा पत्रा तर आहे. आपल्या देशात याच्याखाली संसार झाले."

"त्यातच अ‍ॅस्बेस्टॉस असतं, आई. झाडलं की उडतं आणि छातीत जाऊन बसतं."

मी झाडू खाली ठेवला. माझ्या नवऱ्यानं जन्मभर हेच पत्रे करवतीनं कापले, शेडवर चढवले. पांढरा होऊन घरी यायचा, मी दारात त्याचे कपडे झटकायची. खोकून खोकून गेला. छाती खराब आहे, एवढंच डॉक्टर म्हणाले होते. मी नातीकडे पाहिलं.

सुनेनं गराज बंद केलं, पोरीला आधी न्हाऊ घातलं, आमचे कपडे पिशवीत बांधले. मुलगा ती भिंत माझ्याचसाठी फोडत होता, मला खोली करायची म्हणून. त्याला घाई. इथल्या अवोन्डेल भागातल्या रविवारच्या बाजारात कुणी भेटला होता, तो एका दिवसात सगळं तोडून नेणार होता.

"त्याच्याकडे लायसन्स आहे?" सुनेनं विचारलं.

"ट्रेलर आहे."

"मग त्याला बटाटे वाहायला सांग."

तिनं आधी तपासणीवाला बोलावला. त्यानं तुकडा लॅबला पाठवला, बाकीचं घरही पाहिलं. तुकड्यात अ‍ॅस्बेस्टॉसच निघालं. मग लायसन्सवाले आले. दोन दांडगे गडी, नखशिखांत पांढरे कपडे, तोंडावर मास्क. जमिनीवर प्लास्टिक अंथरलं, भोवती पट्टी बांधली. मी स्वयंपाकघराच्या बंद खिडकीतून बघत होते. त्यांनी हातोडा काढलाच नाही. पंपानं पत्र्यावर बारीक पाणी मारलं, मग एकेक खिळा सोडवला आणि अख्खा पत्रा झोपलेल्या पोरासारखा खाली उतरवला.

"हे तर सडा घालतायत!" मी म्हटलं. आम्ही अंगण झाडायच्या आधी पाणी शिंपडायचो, धूळ उडू नये म्हणून. दुसरं काय?

नातीनं विचारलं, "आजी, व्हॉट्स सडा?" सुनेनं तिला समजावलं. गडी कपडे बदलून चहाला बसले तेव्हा पोरीनं त्यांना ते सांगून टाकलं. त्यातला मोठा खदखदून हसला. आजीला म्हणावं, उद्यापासून कामावर ये.

मला सगळ्यात आवडलं ते शेवटचं. जागा साफ झाली की नाही हे काम करणाऱ्यानं सांगायचं नाही. त्यासाठी तिसराच माणूस आला, कानाकोपरा बघून गेला, तेव्हा पट्टी निघाली. असली कडक माणसं मला आवडतात. सूनही त्यातलीच.

आम्हा तिघांना तपासून डॉक्टरीण म्हणाली, एकदाच गेलेल्या धुळीची फार धास्ती घेऊ नका.

आता मी त्या खोलीत झोपते. त्या दिवशी धुळीत आम्ही तिघं होतो, मुलगा, नात आणि मी. तिघंही आहोत. नवरा नाही.