पॅकहाऊसमधली फोकस स्टार

"मंगलला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगा," शेठ म्हणाले. म्हणताना ते मोबाइलवर कुणाला तरी वाढदिवसाचा केक फॉरवर्ड करत होते.

दिंडोरी रोडवरच्या एका द्राक्ष पॅकहाऊसमध्ये मी क्वालिटी मॅनेजर आहे. बागेतून क्रेट येतात. बायका टेबलाशी उभ्या राहून एकेक घड हातात फिरवतात, तडकलेले, सडके मणी कात्रीने काढतात आणि चांगला माल खोक्यात भरतात. याला ग्रेडिंग म्हणतात. एक सडका मणी राहिला तरी जहाजाच्या प्रवासात शेजारचे नासतात आणि परदेशातला ग्राहक माल नाकारतो. म्हणून शेठना लक्ष या विषयाची फार काळजी. म्हणजे इतरांच्या लक्षाची.

"मंगलचं चुकलं काय?"

"कॅमेरा बघा मॅडम. मान कधी सरळ असते तिची? सारखी बडबड. नाहीतर सुनीता बघा, समाधी लागल्यासारखी!"

हे सगळं पुण्याहून आलेल्या ट्रेनरने त्यांच्या डोक्यात भरवलं होतं. हॉलमध्ये बोलायला बंदी झाली. एकाग्रतेसाठी स्पीकरवर बासरी लागली. सुनीताच्या ॲप्रनवर 'फोकस स्टार' असा बिल्ला चढला. आणि मंगलवर गदा आली. तिच्या घरात मिळवणारं दुसरं कुणी नव्हतं, वर्ष या हंगामावरच निघायचं. मला भयंकर राग आला होता.

मी मंगलला गाठलं. ती म्हणाली, "तोंड बंद ठेवलं का झोप येती मला, मॅडम. डोळे उघडे राहत्यात, पण दिसत काहीच नाय."

मी शेठकडे एक सकाळ मागितली. आमच्या कामात एक साधी चाचणी असते. खराब घड मुद्दाम क्रेटमध्ये मिसळायचे, नंतर भरलेली खोकी उघडून किती निसटले ते पाहायचं. शेठ खूश झाले. मंगलला काढायला पुरावाच मिळणार होता. बायकांपुढे आदर्श ठेवायला ते स्वतःही ॲप्रन घालून टेबलाशी उभे राहिले. बायकांचे फोन नियमाप्रमाणे लॉकरमध्ये, शेठचा खिशात.

मी बासरी बंद केली, बोलायची मुभा दिली. मंगल जावेच्या म्हशीपासून सुरू झाली ती वणीच्या एसटीतल्या भांडणापर्यंत पोचली. मान भिंगरीसारखी फिरत होती. बोटं मात्र घडावरून हलली नाहीत.

दुपारी खोकी उघडली. मंगलच्या खोक्यांत एकही खराब घड नव्हता. फोकस स्टारच्या खोक्यांत बरेच निघाले. सुनीता रडायलाच लागली. "सासू ॲडमिट हाय मॅडम. मी उभी हितं असते, जीव तिकडं असतो." कॅमेऱ्याला हे कसं दिसणार? तो बिचारा मानाच मोजत होता.

गप्पा सगळ्यांनाच मानवल्या असं नाही. मंगलच्या शेजारी उभ्या असणाऱ्या वंदनाचे दोन घड निसटले होते. "मंगलची म्हैस मधी आली ना," ती वैतागून म्हणाली.

शेठच्या क्रेटमध्ये मिसळलेला खराब माल पूर्णच्या पूर्ण, सुखरूप पॅक झाला होता. एका खोक्यात तर त्यांची कात्रीही सापडली.

"अर्जंट कॉल होता," शेठ म्हणाले.

"लंडनला गेली असती हो कात्री!" मंगल म्हणाली. बंदी उठलेलीच होती, सगळा हॉल मनसोक्त हसला.

मंगल राहिली. वंदनाला मी भिंतीकडचं टेबल दिलं आणि सुनीताला आधी दवाखान्यात पाठवलं. बिल्ला कपाटात गेला. संध्याकाळी शेठनी ट्रेनरला फोन केला, "सर, तुमच्या ट्रेनिंगनं मंगल एकदम सुधारली बघा!"

लक्ष ज्याच्या त्याच्या तऱ्हेनं लागतं. कुणाला गप्पा लागतात, कुणाला भिंत. मानेवरून ते ओळखायला जाऊ नये. आणि मालक टेबलाशी उभा राहिला, तर ट्रक सुटण्याआधी कात्र्या मोजून घ्याव्यात.