चीनची बातमी आणि आमचा बांध

एस.टी. सुटायला अवकाश होता आणि माझे वडील, नाना, स्टँडवर चीनबद्दल बोलत होते. निरोपाचं दुसरं काही त्यांना सुचत नसावं. तिथल्या पक्षाचे चेअरमन नुकतेच वारले होते. "माणूस जातो. एकत्र झालेली जमीन जात नाही," ते म्हणाले. मी मुंबईच्या एका वर्तमानपत्रात नोकरीला आणि वाशीच्या नव्या वसाहतीत राहायला निघालो होतो.

तुमच्यापैकी जे गावातच राहिले त्यांना ते एकत्र केलेलं रान आठवत असेल. नाना रेडिओवर पेकिंगचं हिंदी प्रसारण ऐकत आणि पारावर समजावून सांगत: तिकडेही पिढ्यान्‌पिढ्या भाऊवाटण्या होऊन शेतांचे तुकडे झाले, ते जमीनदारांनी गिळले, म्हणून क्रांती झाली, मग कम्यून आले, म्हणजे गावाची सामायिक शेती. नानांच्या शब्दावर आमच्या वस्तीने शेतं एकत्र केली. बांध राहिले तर माणूस मागे फिरतो, म्हणून नानांनी ते नांगरून टाकले. पहिला आमचा.

मला टेबल मिळालं परदेशी बातम्यांचं. काही वर्षांनी टेलिप्रिंटरवर आलं: चीनमधले कम्यून मोडताहेत, जमीन पुन्हा घराघराला कसायला. मी भाषांतर केलं, दोन कॉलमी शीर्षक दिलं आणि चहाला गेलो.

अंक गावात पोचला. शेजारचे आबा नानांना म्हणाले, "तुमच्या चीननं वाटून दिली. आता तुमी द्या." नाना हो म्हणाले. पण बांध कुठे होते ते कुणालाच नेमकं सांगता येईना. जो तो थोडा पुढे सरकून उभा राहायचा. नानांनी बाकीच्यांना आधी घेऊ दिलं. आम्हाला ओढ्याकडची खडकाळ पट्टी उरली. मग नाना माझ्याकडे वाशीला राहायला आले.

सोसायटीत जुन्या वाशी गावातली एक मासळीवाली यायची. सरकारने वसाहतीसाठी घेण्याआधी या जागेवर तिच्या बापाचं भात व्हायचं. नानांनी तिला विचारलं, बांध कुठून जायचा? तिने टोपली न उतरवता आमच्या जिन्याकडे बोट केलं.

"त्या खालच्या पायरीखालशी. सरकारला नकाशा म्हायीत हाय. बांद मना इचार."

आमच्याकडे बांध तुडवत नाहीत, ओलांडतात. त्या दिवसापासून नाना ती पायरी ओलांडून चढायचे. गुडघे दुखायचे, तरी.

नाना आता नाहीत. घर कुठे, असं कुणी विचारलं की मी सोसायटीचं नाव सांगतो. ती पायरी मीही ओलांडतो. तेव्हा मनात काही येत नाही.